क्ष अधिक तीन य बरोबर नऊ

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
बावीस वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो:
दोन रेषा एकमेकींना लंब असतील
तर त्यांच्या चढांचा गुणाकार उणे एक.
भोवती चौकट. दोन मार्कांना हमखास.

तिसऱ्या बाकावरून तस्लीम शिकलगार म्हणाली,
सर, उणे एकच का?
मी म्हटलं, सिद्धता अभ्यासक्रमात नाही.
म्हटलं, आणि हातातला खडू मोडला.
मोडायला तसं कारण काही नव्हतं.

तिची दोन महिन्यांची फी राहिली होती.
खोटं कशाला बोलू, त्यासाठीच उद्यमनगरात गेलो.
पत्र्याची शेड, नुकत्याच कापलेल्या सागवानाचा वास,
शेजारच्या फाउंड्रीतली काळी वाळू
उंबऱ्यापर्यंत सरकत आलेली.
नूरमहंमद मिस्त्री पंपाच्या केसिंगचा
लाकडी पॅटर्न घासत होते.
फीचा विषय निघायच्या आत चहा आला,
आणि चहाच्याही आधी लेकीचा प्रश्न.

मिस्त्रींनी फळी पुढं ओढली.
"एक पुढं, तीन वर. ही तुमची चढण. बरोबर?"
काटकोनात कापलेला एक तुकडा त्या मापात बसवला,
त्याच्या खालच्या टोकात चूक ठोकली
आणि तुकडा फिरवला. पाव फेरा.
"आता बगा.
उभं हुतं ते आडवं पडलं,
आडवं हुतं ते उठून बसलं.
तीन मागं, एक वर.
मापं तीच हाईत, नुस्ती जागा बदलली,
आन् एकानं तोंड फिरवलं.
दुसरं काय बी न्हाई."

दुसरं काही नाही.
जागा बदलली, म्हणजे व्यस्त.
तोंड फिरवलं, म्हणजे उणे.
तीनला वजा एक तृतीयांशानं गुणा,
मापं एकमेकांना खाऊन टाकतात,
उरते ती फक्त
कुणाचीतरी मागं वळलेली मान.

माझी हुशारी अजून जिरली नव्हती.
मी ड्रिलिंग मशीनच्या खांबाकडं बोट केलं:
उभ्या रेषेला चढच नसतो, मिस्त्री.
शून्यानं भागता येत नाही.
तिथं आमचं सूत्र गप्प बसतं.
त्यांनी गुण्या उचलला,
एक बाजू टेबलावर, एक खांबाला,
पलीकडून बल्ब धरला,
एक डोळा मिटून फटीत बघितलं.
"बसू द्या गप.
उजेड आला न्हाई, म्हंजे झालं."

गुण्यागोविंदानं राहा, असं आई आम्हा भावांना म्हणायची.
गोविंद माहीत होता.
गुण्या त्या दिवशी भेटला.

मग त्याच फळीवर, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं,
आम्ही तिघांनी गणित मांडलं.
रेषा: य बरोबर तीन क्ष अधिक दोन.
बिंदू: सहा पुढं, एक वर,
जिथं माझ्या कपाचा ओला गोल उमटला होता.
तिथून हिला लंब.
य वजा एक, बरोबर
वजा एक तृतीयांश, कंसात क्ष वजा सहा.
तीननं गुणलं, पदं इकडची तिकडं नेली.
क्ष अधिक तीन य बरोबर नऊ.
तस्लीमनं चहाचा डाग समीकरणात घालून बघितला:
"सहा आन् तीन, नऊ. बसलं."
दोघींची गाठ कुठं पडते तेही काढलं.
क्ष शून्य पूर्णांक तीन दशांश,
य दोन पूर्णांक नऊ दशांश.
कुणी ठरवून भेटणार नाही अशा अडनिड्या जागी.

फीचं राहिलंच.
परत येताना राजारामपुरीच्या मेन रोडला लागलो.
पहिली गल्ली, दुसरी, तिसरी,
सगळ्या रस्त्याला काटकोनात आहेत
असं धरून इतकी वर्षं वळत होतो.
आठवीच्या कोपऱ्यावर थांबलो,
एक डोळा मिटला.

किंचित कलती आहे.
फटीतून उजेड येतो.